वैशाखातली खांड

आले मेले!

काल संध्याकाळी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते, तर खाडीच्या अंगाला ती गुलाबी रेघ दिसली. हातातली उशीची खोळ हातातच राहिली. खाली बागेत कुणीतरी ओरडलं, "फ्लेमिंगो आले!" आणि बघता बघता सोसायटीच्या ग्रुपवर फोटो धो धो सुरू झाले. हार्ट, टाळ्या, 'अमेझिंग', 'वेलकम बॅक'. पुस्तकात याला रोहित म्हणतात, पण आमच्या विंगमध्येच दोन रोहित राहतात, त्यामुळे आम्ही आपलं फ्लेमिंगोच म्हणतो. बहिणीचा फोन आला. म्हणाली, "नशीबवान गं तू, घरातनं दिसतात." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मला तो रंग दिसला की आधी रक्त आठवतं. खोटं कशाला बोलू.

सुंदर आहेत, नाही कोण म्हणतंय? कच्छच्या रणाकडून एवढं अंतर उडत येतात, थंडीत उतरतात आणि पावसाचे ढग दिसेपर्यंत राहतात. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात उतरायचं, चोच उलटी घालून शेवाळ गाळत बसायचं. भरतीनं चिखल बुडाला की आमच्या बिल्डिंगमागच्या तलावात यायचं आणि घोटाभर पाण्यात एका पायावर उभं राहून पुढच्या ओहोटीची वाट बघायची. खाडी हे त्यांचं ताट आणि तलाव ही ओसरी. दोन्ही लागतात. पोटभर वाढलं आणि मग बसायला जागाच दिली नाही, तर तो कसला पाहुणचार?

शाळेत मुलं निबंध लिहितात, 'फ्लेमिंगो, आमचे पाहुणे'. मी पी.टी.ची बाई, निबंध माझ्याकडे येत नाहीत, पण स्टाफरूममध्ये पडलेले वाचते. सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलेलं असतं, की आपण पक्ष्यांना वाचवलं पाहिजे. वाचवा की बाबांनो. पण वाचवताना कुणाचं तरी काहीतरी मोडावं लागतं, हे त्यांना कुणी सांगत नाही. मीही सांगत नाही. मी शिट्टी वाजवते आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावते.

तलाव म्हणायचं आपलं. ते आमचं शेत होतं.

आम्ही इथलेच, खाडीकाठच्या गावातले. आता जिथे सीवूड्सच्या बिल्डिंगा आहेत, तिथे माझ्या लहानपणी खाऱ्या जमिनीत राता भात पिकायचा. लाल, जाडा, एका ताटात पोट भरणारा. समुद्र आणि शेत यांच्यामध्ये एकच आडोसा, मातीचा बांध. माझ्या आजोबांच्या पिढीत गावानं मिळून घातलेला, मिळून राखलेला. उधाणाचं पाणी त्याला धडका देई, एखाद्या चिंबोरीच्या बिळातून आत झिरपू लागे, आणि नजर वळेपर्यंत भगदाड पडे. त्याला आमच्यात खांड म्हणतात. ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं बोंब मारायची, "खांड गेलीऽऽ!" की जेवणारा ताटावरून उठलाच पाहिजे. शेत कुणाचं हे विचारायचं नाही. आधी चिखल टाकायचा, मग तोंड उघडायचं.

पुरुष एकमेकांचे हात धरून खांडीत उभे राहत. छातीनं पाणी अडवत, आणि बाकीचे त्यांच्या पाठीमागे खाडीतल्या तिवराच्या फांद्या आणि चिखलाचे गोळे रचत. पाण्याबरोबर लाकडं येत, खुंट येत. असाच एक खुंट बाबांच्या नडगीत घुसला. हाड दिसत होतं, पण बाबा जागचे हलले नाहीत. हलले असते तर रांग तुटली असती. मी बांधावर उभी होते आणि त्यांच्याभोवतीचं पाणी लाल होत चाललेलं बघत होते. आई माझ्या पाठीत धपाटा घालून ओरडली, "बगत काय ऱ्हायलीस, चिखल दे!" मी चिखल दिला. एवढीशी होते, पण दिला.

आणि बांध फोडणारा? वैरापायी कुणी दुसऱ्याचा बांध फोडलाच, तर त्याला चोरासारखं दोन थोबाडीत देऊन सोडत नसत. बाबांनी एकाला वल्ह्यानं मारताना मी पाहिलंय. तो हात आडवा घालत होता आणि बाबा त्याच हातावर मारत होते. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग बाबा घरी आले, हातपाय धुतले आणि शांतपणे जेवले. त्या माणसाच्या घरात पुढे कुणी मुलगी दिली नाही. खुनाला माफी मिळेल, बांध फोडण्याला नाही, असं माझी आई म्हणायची, आणि ती काही तापट बाई नव्हती. तापटपणा मला बापाकडून आलाय.

मग सरकारनं जमिनी घेतल्या, शहर आलं. सगळीकडे भराव पडला, टॉवर उभे राहिले, आणि आमच्या शेतांचा तो एक तुकडा कसा कोण जाणे राहून गेला. बांध राखायला कुणी उरलं नाही. एका पावसाळ्यात खांड पडली, खारं पाणी आत शिरलं ते तिथेच राहिलं. पाणी आत यायच्या बाकीच्या वाटा रस्त्याच्या भरावात बुजल्या. उरली ती एकच खांड, दोन हात रुंद असेल नसेल. तेवढ्यातून उधाणाचं पाणी आत यायचं आणि तेवढ्यावर तलाव जगायचा. पाखरांना जागा आवडली. लोक 'लेक व्ह्यू' म्हणू लागले. मीही त्याच लेक व्ह्यूच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले, आणि आई गेल्यावर बाबांना गावातून इथे घेऊन आले. चौथ्या मजल्यावरून बाबा आपलं बुडालेलं शेत बघत बसत. मी म्हणायचे, टीव्ही लावू का? ते म्हणायचे, "लावलाय ना ह्यो."

रोज सकाळी ते बांधावर फिरायला जात. तिथे त्यांना जोगळेकर भेटत. हे आमच्या वरच्या मजल्यावरचे, बँकेतून रिटायर झालेले, गळ्यात कॅमेरा, आणि पक्ष्यांचं इतकं वेड की बायको माहेरी गेलेली त्यांना उशिरा कळली, असं आम्ही चिडवतो. बाबांना ते 'आजोबा' म्हणत. स्वतःचे केस काळे केले म्हणजे दुसऱ्याला आजोबा म्हणायचा परवाना मिळतो बहुतेक.

काही वर्षांपूर्वी, वैशाखात शाळेला सुट्टी लागली आणि तलाव आटू लागला. आधी काठ पांढरे झाले, मिठानं. मग मधला चिखल उघडा पडला. मग चिखलाला तडे गेले. जोगळेकर दारात येऊन ओरडू लागले. "ताई, उधाण येऊन गेलं, पण आत पाणी आलंच नाही. कुणीतरी मुद्दाम बंद केलंय. बिल्डर लॉबी! मी पोलीस कंप्लेंट करणार, सोडणार नाही." मी म्हटलं, "कंप्लेंट कसली करता? धरून हाणा मेल्यांना. मीही येते." बाबा आत सोफ्यावर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आणि मग ते सुरू झालं. भरतीला खाडी बुडाली की पाखरं सवयीनं तलावात उतरत, आणि तिथे पाणी नाही. फ्लेमिंगोला हवेत उठायला आधी धावावं लागतं. चिकट चिखलात त्याचे पाय रुतायचे, धडपडायचा, पंख चिखलानं जड व्हायचे. काठावर कुत्री बसलेली असायची. आमच्याच सोसायट्यांनी बिस्किटं आणि दूधभात घालून पोसलेली, अंगानं चांगली भरलेली. ती आधी पाय धरत. तो पाय काय, काडी. कट्कन मोडायचा. मग पाखरू पडायचं आणि मान उंच ठेवून ओरडत राहायचं, घोगरं, बदकासारखं, आणि तेवढ्यात दुसरं कुत्रं पोटाला लागलेलं असायचं. कावळे थांबत नसत. जिवंतपणीच डोळे काढत. वरून घारी. सकाळी गॅलरीत चहा घेऊन उभं राहावं, तर मागे हा कत्तलखाना. लोकांनी पडदे लावले. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'प्लीज असे फोटो टाकू नका, मुलं बघतात.'

मी दांडकं घेऊन उतरायचे. एका कुत्र्याच्या तोंडावर असं हाणलं की त्याचा दात उडाला. मला बरं वाटलं. खरंच सांगते, फार बरं वाटलं, आणि अजून एक हाणावंसं वाटलं. रागाला एकदा वाट मिळाली की तो वाट विचारत नाही. जोगळेकरांनी वीट फेकली, ती एका कुत्रीच्या पायावर बसली. सी विंगमधली जी मुलगी कुत्र्यांना खायला घालते, तिनं लॉबीत येऊन त्यांचा कॅमेरा ओढला. त्यांनी तिला ढकललं. तिच्या भावानं त्यांच्या नाकावर ठोसा दिला. पांढऱ्या टाइल्सवर रक्त. "अंकल, मुक्या जनावरावर हात उचलता?" "आणि ते पक्षी काय बोलके आहेत का गं?" मी मध्ये शिरले, शिट्टी फुंकली, दोघांना कॉलरला धरून बाजूला केलं आणि भावाला एक जास्तीची ठेवून दिली. त्या आठवड्यात माणसं, कुत्री, कावळे, सगळ्यांची जातकुळी एकच झाली होती.

शेवटी मी स्वतः खांड बघायला गेले. बिल्डरच्या माणसांची नावं काढायची होती ना. बांधावरून चालत तिथे पोचले आणि पाय थबकले. खांड बुजली होती. तिवराच्या फांद्या आडव्या-उभ्या विणलेल्या, त्यावर चिखलाचे गोळे एकावर एक, सांधा चुकवून रचलेले, आणि वरून तळहातानं थापून गुळगुळीत केलेले. तळव्यांचे ठसे सुकलेल्या मातीत स्पष्ट दिसत होते. बिल्डर असा चिखल थापत नाही. बिल्डर डंपर ओततो. असं काम करणारी माणसं आमच्या गावात आता एक तर फोटोत आहेत, नाहीतर माझ्या घरी सोफ्यावर.

घरी आले तेव्हा बाबा बशीत चहा ओतत होते.

"बाबा, खांड तू बुजवलीस?"

"मंग?"

"कोनी सांगला होता तुला?"

"खांड बुजवाला कोनी सांगाला लागतंय?" त्यांना माझाच राग आला. "भांगाचं दिस धरून बुजवली, पानी कमी असताना. कशी बसलीय बगितलीस? थेंब येत नाय."

इतके दिवस त्यांचे कपडे चिखलाचे का होतात ते मला कळलं नव्हतं. वाटलं होतं, म्हातारा माणूस, घसरत असेल.

"पाखरं मरतात बाबा. तुला दिसत नाय?"

"पाखरांना पंख हायेत. जातील उडून. शेत कुठं जाईल?" मग आवाज खाली आणून, घरातलं गुपित सांगावं तसं म्हणाले, "दोन पावसाळे जाव दे. खार धुवून जाईल. मंग राता लावू."

या माणसाकडे सात-बारा नाही, बैल नाही, अंगात जोर नाही. तलावाच्या चारी बाजूंनी टॉवर. आणि हा मनातल्या मनात चिखलणी करून बसलाय.

"बाबा, ती जमीन आपली नाय आता."

"कोनाची ती जमिनीला ठाव हाय."

मग मी बोलू नये ते बोलले, ते बोलू नये ते बोलले. मी कप भिंतीवर फोडला. त्यांनी काठी आपटून टीपॉयची काच फोडली. माझ्या आईचं नाव दोघांनीही काढलं. शेवटी मी म्हटलं, "पौर्णिमेचं उधाण आहे. ते चुकलं तर अमावस्येपर्यंत पाणी नाही, आणि तोवर तिथे एक पाखरू उरणार नाही. पौर्णिमेला मी खांड उघडणार. तू उघड नायतर मी उघडते." ते माझ्याकडे असे बघत राहिले जसं मी त्यांच्या ताटात थुंकले.

हे सगळं आठवताना आता वाटतं, त्या दिवशी मी त्यांना जवळ घेऊन बसायला हवं होतं का? कुणास ठाऊक. आमच्या घराण्यात कुणी कुणाला जवळ घेऊन बसत नाही. आमची माया भांडणातूनच बाहेर पडते.

पौर्णिमेला भर दुपारी मी माळीदादांची कुदळ घेऊन बांधावर गेले. बाहेर खाडी काठोकाठ चढत होती, आत तडकलेला चिखल आणि मधल्या ओलसर पट्ट्यात गोळा झालेली पाखरं. ऊन असं की कुदळीचा दांडा हाताला भाजत होता. पहिला घाव घातला. चिखलाचा दगड झाला होता, ठिणगी उडायचीच बाकी. दुसरा घाव घालणार तोच मागून कुणीतरी मनगट धरलं आणि थोबाडीत बसली. पन्नाशीची बाई मी, शाळेतली दांडगी पोरं मला टरकतात, आणि बापाच्या हातची खाऊन बांधावर बसले. तोंडात रक्ताची चव आली.

"माझी पोर बांध फोडते? माझी?"

"हो, फोडते! मार अजून!"

त्यांनी हात उचललाही होता. पण तेवढ्यात आतून तो आवाज आला. एक पिल्लू होतं, करडं, अजून गुलाबीही न झालेलं. एका कुत्र्यानं एक पंख धरला होता, दुसऱ्यानं दुसरा, आणि दोघं दोन बाजूंना ओढत होती. बाबांनी खाली पडलेली कुदळ उचलली आणि त्या वयात ते चिखलात धावले. मी मागोमाग. कुदळ पहिल्या कुत्र्याच्या कंबरेत बसली. ते मागचे पाय फरफटत, केकाटत गेलं. दुसरं माझ्यावर दात काढून आलं. मी त्याच्या तोंडासमोर जीव खाऊन शिट्टी फुंकली आणि लाथ घातली. ते मागे हटलं.

पिल्लाचा एक पंख सांध्यापासून निघाला होता. मान मात्र उभी. डोळा आमच्याकडे. बाबा चिखलात बसले, त्याच्या छातीखाली हात घातला, आणि चाचपत राहिले. "नुसती हाडकां लागतात," ते म्हणाले. "पोटात काय नाय ह्याच्या. बाय गो, उपाशी हाय हा."

मरण त्यांनी खूप पाहिलं होतं. पण आपल्या शेतात कुणी उपाशी राहिलं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मान हातात घेतली, एक पीळ दिला आणि त्याला सोडवलं. कोंबडी कापणाऱ्या माणसाचा हात, चुकला नाही.

बांधावर परत आल्यावर मी कुदळ मागितली. त्यांनी दिली नाही.

"मी करते, बाबा."

"बाजूला सर म्हनतो ना. तुझ्या हातांना नको. तुला पोरंबाळं हायेत. ह्याचा पाप माझ्यावर."

आणि त्यांनी घाव घातला. पहिलं ढेकूळ सुटून पाण्यात पडलं, तशी त्यांनी बोंब मारली, "खांड गेलीऽऽ!" दुसऱ्या घावाला पुन्हा, "खांड गेलीऽऽ!" घसा फाटेपर्यंत. स्वतःच फोडत होते आणि स्वतःच गावाला बोलावत होते. कुणी ताटावरून उठलं नाही. समोर टॉवरच्या टॉवर, खिडक्या बंद, एसी चालू. मग पाण्यानं वाट काढली, त्यांच्या पोटऱ्यांना धडक दिली आणि तपकिरी होऊन आत घुसलं. मी त्यांना दंडाला धरून वर ओढलं.

आवाज ऐकून जोगळेकर तेवढे धावत आले, नाकावर पट्टी लावलेली. पाणी आत जाताना बघून रडायलाच लागले. "आजोबा, काय केलंत हो! सोसायटीतर्फे तुमचा सत्कार करू." बाबांनी कुदळ हातात धरून त्यांच्याकडे असं बघितलं की ते दोन पावलं मागे सरले. खांड कुणी बुजवली होती ते त्यांना आजतागायत माहीत नाही. बिल्डर लॉबीला शिव्या घालतात, मी घालू देते.

त्या उधाणानं तलाव घोटाभर भरला. उरलेली पाखरं पाण्यात गेली, पाऊस लागायच्या आधी आपल्या वाटेनं निघून गेली, आणि दर वर्षी येतात. पण त्या दुपारी त्यांच्याकडे बघायला मला सवड नव्हती.

आम्ही सोसायटीच्या गेटमधून आत आलो. लिफ्टपाशी बाबा थांबले. म्हणाले, "वर नाय येत. बादली आन."

मला वाटलं चिखल लागलाय म्हणून. "वर बाथरूममध्ये गरम पाणी आहे, बाबा. चल."

"मसनातनं आलेला मानूस तसाच घरात शिरतो काय?"

"एवढं एका पाखरासाठी?"

"पाखरासाठी नाय गो," ते म्हणाले. "बांध माझ्या बापानं घातला होता. मी मारला त्याला."

पार्किंगमध्ये गाड्या धुवायचा नळ आहे. मी बादली भरली. ते अंगावरच्या कपड्यांनिशी फरशीवर मांडी घालून बसले, जसे माझ्या आईला पोचवून आल्यावर गावच्या अंगणात बसले होते. मी डोक्यावरून पाणी ओतलं. चिखल आणि रक्त गाड्यांखालून वाहत गेलं. गेटवरचा वॉचमन धावत आला, आधी पाणी वाया घालवता म्हणून ओरडणार होता, मग बाबांचा चेहरा बघून हळूच विचारलं, "क्या हुआ मॅडम, कोई गुजर गया क्या?"

मी म्हटलं, "हां. घर का ही था."

त्यानं टोपी काढून काखेत धरली आणि दुसरी बादली नळाखाली लावली.